डाव्या चाकाची कुरबुर

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज सकाळी नाश्त्याच्या टेबलावर माझ्या गाडीला फाशीची शिक्षा झाली. न्यायाधीश आमचे चिरंजीव. आरोपीचं म्हणणं ऐकून घ्यायची पद्धत या घरात नाही.

"बाबा, मार्चअखेर गाडी भंगारात देऊन टाकू. मी माणसाशी बोललोय," पावाला लोणी लावता लावता त्यानं सांगितलं. रद्दी काढायची असल्यासारखं.

"का? काय वाईट केलंय तिनं तुझं?"

"चालवणार कोण? मला ऑफिसची गाडी आहे, हिची स्कूटर आहे. आणि तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरांनी नको म्हटलंय. बाजूचं दिसत नाही म्हणाले ना ते?"

"समोरचं लख्ख दिसतं. गाडी समोर चालवायची असते, बाजूला नाही."

सूनबाई चहाच्या कपात हसली. ही उठली. ही म्हणजे माझी बायको. मी चिडलो की ती खरकटी ताटं उचलायला लागते, तशी लागली.

गेल्या महिन्यात फाटकाच्या डाव्या खांबाला गाडी घासली, त्याचा हा बोभाटा. मी तेव्हाच सांगितलं होतं, दोष डोळ्यांचा नाही, गाडी डावीकडे ओढते. पुढच्या डाव्या चाकातून खटखट येते. चाक आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारा एक लोखंडी हात असतो. त्याच्या सांध्यात रबर बसवलेलं असतं, त्याला बुश म्हणतात. गुडघ्यात गादी असते ना, तसंच. ती झिजली की चाक मनाला येईल तिकडे वळतं. पण ऐकतो कोण?

मी ठरवलं आहे. बुश बदलायचं, गाडी नाकासमोर चालवून दाखवायची आणि भंगारवाल्याला फाटकातूनच परत पाठवायचं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

गॅरेजवाल्याकडे गेलो. याला मी मनात 'होऊन-जाईल' म्हणतो, कारण त्याचं दुसरं काही होत नाही. गाडीखाली बॅटरी मारून पाहिली आणि म्हणाला, "काका, बुश गेलंय. सुजून भाकरी झालीय त्याची. तेल कोणी घातलं याला?"

मी घातलं. पंपहाऊसवर उभी हयात काढली आहे. जिथे आवाज तिथे तेल, हे आमचं पहिलं आणि शेवटचं शास्त्र. दर रविवारी कुपी घेऊन गाडीखाली जात होतो, लेकराला औषध पाजावं तसं.

"रबराला तेल म्हणजे विष," तो म्हणाला. वर हसला. तळपायाची आग मस्तकाला गेली. ज्या माणसानं गेल्या खेपेला हॉर्न दुरुस्त करताना वायपर बिघडवले, तो मला विष आणि औषध शिकवणार.

"कधी बदलून देशील?"

"होऊन जाईल."

येताना मुद्दाम खडबडीत रस्त्यानं आलो. खट, खटाक् खटाक्. शाळेत मराठीचे मास्तर फळ्याजवळच्या टेबलावर डस्टर आपटून वृत्त शिकवायचे. लगागा, लगागा, खडूची धूळ उडायची आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात ती धूळसुद्धा भुजंगप्रयातात नाचते आहे असं वाटायचं. आमच्या डाव्या चाकाला अगदी तोच ठेका आहे. फक्त यति भलत्याच जागी येतो.

शनिवार, ८ फेब्रुवारी

कोणीतरी माझ्या गाडीत बसतं.

सकाळी वाचनालयातून आलो आणि उगीच स्टिअरिंगपाशी बसावं म्हणून दार उघडलं, तर गुडघे थेट डॅशबोर्डवर. सीट पार पुढे सरकवलेली. आरसा खाली वाकवलेला, त्यात मला माझी हनुवटी दिसली. सगळं जागेवर आणता आणता घाम फुटला. सीटचा तो खटका कुठे आहे हे मलासुद्धा चाचपावं लागतं.

हिला विचारलं. म्हणाली, "मला काय माहीत? मी आणि सूनबाई सकाळी चालायला गेलो होतो."

या दोघींचं चालणं हल्ली फार वाढलं आहे. मी वाचनालयात गेलो की या निघतात. हिच्या पायात सूनबाईचे कॅनव्हासचे जुने बूट. चांगलं आहे, या वयात चालावं. पण चालून आलेल्या माणसाला थोडा तरी घाम येतो की नाही?

बुधवार, १२ फेब्रुवारी

चोर सापडला. डिकीत पान्ह्यांच्या पिशवीमागे लाल अक्षराची पांढरी पाटी निघाली. शिकाऊ ड्रायव्हर लावतात ती. म्हणजे होऊन-जाईल तपासणीच्या नावाखाली माझी गाडी ड्रायव्हिंग स्कूलला भाड्यानं देतो. त्याच्याकडे दुसरी चावी गेल्या वर्षीपासून आहे, मीच दिली होती.

तसाच गेलो. पाटी त्याच्या नाकासमोर धरली.

"हे काय आहे?"

"पाटी आहे काका."

"माझ्या डिकीत कशी आली?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, मग हात पुसायचं फडकं घेऊन बराच वेळ हात पुसत बसला. "काका, राग मानू नका. तुमची गाडी भाड्यानं कोण घेईल? आवाज ऐकलाय का तिचा? शिकणारा पोरगा पहिल्याच दिवशी सायकल घेईल."

मी चावी परत मागितली. त्यानं काढून दिली, वर म्हणाला, "एकदा घरीही विचारून बघा की."

चोराच्या उलट्या बोंबा. आता याच्या हाती गाडी देणे नाही. बुश मी स्वतः बदलणार. ज्या हातांनी माणसाएवढे व्हॉल्व्ह उघडले, त्यांना हा वीतभर सांधा जड नाही.

संध्याकाळी दोन ओळी सुचल्या, बऱ्याच वर्षांनी.

तुझ्या काळजाचा कसा रे भरोसा
घरी मीच साऱ्या जगाचा नकोसा

वृत्त शुद्ध आहे. मास्तर असते तर पाठ थोपटली असती. हिला वाचून दाखवल्या, तर म्हणाली, "जेवायला चला, साऱ्या जगाचे नकोसे."

शनिवार, १५ फेब्रुवारी

अंगणात गाडी जॅकवर उचलली, खाली लोखंडी घोडे लावले, चाक काढलं. गंजलेल्या बोल्टांनी अंत पाहिला. दुपारपर्यंत बोटांची सालं निघाली, पण आर्म, म्हणजे तो लोखंडी हात, सुटला. बुश पाहिलं आणि क्षणभर वाईटच वाटलं. काळं, फुगलेलं, चिरा गेलेलं, हात लावला की शाईसारखं बोटाला लागणारं. इतकी वर्षं आमच्या सगळ्यांचा भार मुकाट सोसला होता त्यानं.

चिरंजीव खिडकीतून बघत होते. "बाबा, पाठ धरेल."

"धरू दे. पाठच धरेल, माझ्या गाडीचा गळा तर कोणी धरणार नाही."

जुनं बुश काढून नवं दाबून बसवायला मशीन लागतं, आणि ते होऊन-जाईलकडेच आहे. सूनबाई आर्म स्कूटरवर ठेवून घेऊन गेली. मी त्याचं तोंड बघायला गेलो नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आर्म अजून आला नाही. "होऊन जाईल" म्हणतो.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो. या घरात माझ्या बाजूचं एक तरी माणूस आहे. परवापासून ही सारखी विचारते आहे, "कधी होणार हो गाडी?" काल तर अंगणात जाऊन त्या बिनचाकाच्या बाजूकडे बघत उभी होती, हात कमरेवर. चालायला जाणंही बंद केलं आहे तिनं. माझ्या काळजीनं असेल. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला स्टिअरिंगला हात लावायची तोशीस पडू दिली नाही. जिथे म्हणाली तिथे नेऊन सोडलं. माणूस बोलत नाही, पण जाणतं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

बसलं. आर्म चढवला, बोल्ट घातले आणि गाडी घोड्यांवर असतानाच पान्ह्याला पाइप लावून असे आवळले, असे आवळले की ब्रह्मदेवाला सुटायचे नाहीत. मग चाक लावलं, गाडी खाली उतरवली. एक चक्कर मारली. खटखट गेली. रस्ता कसा गुळगुळीत लागला, जणू नुकतीच पाठ झालेली कविता.

चिरंजीव घरी नव्हते. नेमके नसतात.

बुधवार, २६ फेब्रुवारी

हिची बहीण पुलापलीकडे राहते. तिच्याकडे नेतो म्हटलं. मी दार उघडून धरलं, तर ही मागच्या सीटवर जाऊन बसली. आयुष्यभर शेजारी बसणारी बाई.

"मागे का?"

"असंच. ऐसपैस वाटतं."

निघालो. ही मागून काही ना काही बोलत होती, "अहो, डावीकडे," "अहो, हळू." मधूनच पायाखालच्या रबरी पायपुसण्यावर तिचा बूट दाबल्याचा आवाज यायचा. मी ओरडलो, की गाडी कोण चालवतंय, तू की मी?

भाजीवाल्याच्या दुकानापाशी टोमॅटोचं क्रेट रस्त्यात आलं. दुकानाच्या पायरीवर असायचं ते रस्त्यात कशाला आलं, हे त्या भाजीवाल्याला विचारायला हवं होतं. त्याऐवजी त्यानंच मला विचारलं, "आजोबा, दिसत नाही का?" चार लोक जमले. मी म्हणालो, गाडी डावीकडे ओढते. ही खाली उतरली आणि वाकून एकेक टोमॅटो गोळा करून क्रेटमध्ये भरत राहिली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बहिणीकडे गेलो नाही. तिथूनच परत फिरलो.

गुरुवार, १३ मार्च

मध्यंतरी लिहावंसं वाटलं नाही. आज लिहितो, कारण राग कुठेतरी ठेवायला हवा.

खटखट परत आली. आधी कुरकुर होती, आज साफ खटाक्. आणि सीट पुन्हा पुढे. चावी तर आता माझ्याच खुंटीवर असते. या गाडीला भुतानं झपाटलं आहे की काय कळत नाही.

होऊन-जाईलकडे जाऊन तोंडाला येईल ते बोललो. तीन आठवड्यांत बुश फाटतं म्हणजे माल खोटा, मशीन खोटं, तू खोटा. तोही काही मुकाट्यानं ऐकून घेणारा नाही. "काका, आर्म मी तुम्हाला बरोबर दिला होता. बसवला कोणी? आमच्यावर कशाला? नाचता येईना अंगण वाकडं." आजूबाजूची माणसं हसली. म्हण मी त्याला मारायची, तर त्यानंच मला मारली.

घरी चिरंजीव म्हणाले, "भंगारवाला महिन्याच्या शेवटच्या रविवारी येतोय." एवढंच. जिंकलेल्या माणसासारखा आवाजही चढवला नाही. त्याचा जास्त राग आला.

शनिवार, १५ मार्च

आर्म पुन्हा खाली काढला. या वेळी जिद्दीनं नाही, नुसत्या रागानं. फाटलेलं बुश अंगणातल्या पायरीवर ठेवून बघत बसलो होतो. सूनबाई दवाखान्यातून आली. ती फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते. बुश हातात घेऊन फिरवून बघितलं.

"बाबा, हे झिजलेलं नाही. पिळून फाटलंय. बघा, चीर तिरकी गेली आहे."

"पिळेल कोण त्याला?"

"तुम्ही बोल्ट आवळलेत तेव्हा चाक लोंबकळत होतं?"

"मग? गाडी डोक्यावर घेऊन आवळू?"

"चिडू नका. आम्ही पेशंटला गुडघ्याचा पट्टा मोजून शेवटी बांधतो तो उभं करून. झोपवून आवळला की माणूस उभा राहिल्याबरोबर काचतो. तुम्ही लोंबकळत्या पायाला पट्टा बांधलात. गाडी खाली टेकली, सांधा फिरला, आणि रबर कायमचं पिळलेलं राहिलं. साधं उभं असतानासुद्धा."

मी म्हणालो, गाडी म्हणजे माणसाचा पाय नव्हे. ती म्हणाली, "बरं," आणि आत गेली.

पण बसल्या बसल्या पटत गेलं, हीच खरी चीड. पंपहाऊसला नव्या पाइपाचे जोड आम्ही पाणी सोडून, दाब घेऊन, मगच शेवटचे आवळायचो. तेव्हा कोणी शिकवावं लागलं नव्हतं. नवं बुश दाबून आणायला तीच गेली.

रविवार, १६ मार्च

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

पुढच्या दोन्ही चाकांखाली जाड फळ्यांच्या चवडी रचल्या. गाडी स्वतःच्या पायांवर उभी, आणि मला खाली सरपटायला जागा. बोल्ट सैल ठेवले होते. सांध्यावर नेहमीचा भार यावा म्हणून घरच्यांना गाडीत बसायला सांगितलं. चिरंजीव मागे बसले, हातात फोन. सूनबाई पुढे शेजारच्या सीटवर. म्हणालो, "आता ब्रेकवर कोणीतरी पाय ठेवा. तू ये रे पुढे."

तो फोन बंद करेपर्यंत ही दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर बसली.

"अगं, सीट मागे आहे, तुझा पाय..."

माझं वाक्य पुरं झालं नाही. तिचा हात खाली गेला, न चाचपता. खट्. सीट पुढे सरकली. दुसऱ्या हातानं आरसा खाली वाकवला. पट्टा ओढून लावला. डाव्या पायानं क्लच दाबून गिअर हलवून पाहिला, न्यूट्रल आहे ना म्हणून, आणि उजवा पाय ब्रेकवर ठेवला. कॅनव्हासचा बूट.

मी पान्हा घेऊन उभाच. सूनबाई खिडकीबाहेर कुठलंसं झाड बघत होती. मागून चिरंजीव म्हणाले, "आई?" म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं. तेवढंच समाधान.

"किती दिवस?" मी विचारलं.

"थंडी सुरू झाली तेव्हापासून. परवा परीक्षा आहे, पक्क्या परवान्याची."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. म्हणून नाही विचारलं."

"माझी गाडी जाऊ नये म्हणून शिकलीस होय?" माझा आवाज जरा ओलसर झाला होता, खोटं कशाला लिहू.

"नाही हो. मला हवी आहे म्हणून. बहिणीकडे जायला दर वेळी कोणाच्या तरी मनात यावं लागतं, त्याचा कंटाळा आलाय मला." मग समोर बघत म्हणाली, "बोल्ट आवळताय ना? पाय भरून येतोय."

खाली गेलो. डोक्यावर अख्खं कुटुंब. संताप असा होता की पान्हा दोनदा बोल्टावरून निसटला. माझ्या पाठीमागे, माझ्याच गाडीत, माझ्याच सुनेकडून. त्या होऊन-जाईललाही कळलं होतं, मला सोडून. बोल्ट आवळला. गाडीच्या पोटाखालून तिचा आवाज येत होता, सूनबाईला सांगत होती, "एवढं तोंड पाडू नकोस गं, ओरडतील दोन दिवस." 

दोन दिवस. मी काय पाहुणा ताप आहे?

शनिवार, २२ मार्च

पास झाली. मी अभिनंदन केलं नाही. तिनंही वाट पाहिली नाही. परवाना देवाचा फोटो लावतात तसा फ्रिजला लावून ठेवला आहे, येता-जाता माझ्या डोळ्यांत खुपेल असा.

रविवार, २३ मार्च

बहिणीकडे जायचं होतं. चावी खुंटीवरून तिनं काढली. मी मागच्या सीटवर बसलो. ऐसपैस वाटतं म्हणून. तिनं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पुढे या. मागे बसून ओरडलात तर मला ऐकू येत नाही." पुढे गेलो.

वाईट चालवते. क्लचवर पाय ठेवून चालवते, वळणावर लवकर वळते, हॉर्न तर जणू पाहुण्यांसाठी राखून ठेवला आहे. मी वाटभर सांगत होतो. खड्डे मुद्दाम मोजून घेतले म्हटलं तरी चालेल, पण डाव्या चाकातून एक शब्द नाही. यति बरोबर जागी.

भाजीवाल्याच्या अलीकडे तिनं एकदम ब्रेक मारला. मी डॅशबोर्डवर हात टेकले आणि विचारलं, "काय झालं? रस्ता मोकळा आहे."

माझ्या डाव्या खांद्याच्या बाजूनं एक सायकलवाली मुलगी आली आणि अगदी आमच्या पुढून, दप्तर हलवत निघून गेली.

कुठून आली कोण जाणे. आकाशातून पडली.

"मघापासून दिसत होती," ही म्हणाली. नुसतं सांगितलं, टोमणा नव्हता. टोमणा असता तर उलट उत्तर देता आलं असतं.

पुलावर तिनं काच खाली केली. वारा आला. तिनं क्षणभर दोन्ही हात स्टिअरिंगवरून सैल केले, गाडी ओढते का बघायला. ही परीक्षा तिला कोणी शिकवली? मी दर रविवारी करायचो ती. गाडी नाकासमोर गेली. रेघ मारल्यासारखी. जरासुद्धा डावीकडे नाही.

म्हणजे रबर आता ठीक आहे. पण फाटकाचा खांब आणि ते टोमॅटो... टोमॅटोच्या दिवशी तर बुश नवंच होतं, खटखट गेलेलीच होती की.

ते पुढे लिहीत नाही.

रविवार, ३० मार्च

भंगारवाला आला होता. चिरंजीव फाटकाशी उभं राहून त्याला नको म्हणत होते, आणि मी अंगणात गाडी धूत होतो. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, डाव्या बाजूचा ओरखडा बघितला आणि मला विचारलं, "कोण चालवतं आजोबा?"

"घरची चालवतात," मी म्हणालो. मग उगीच आवाज चढवून सांगितलं, "आणि बुश नवी आहेत. भार देऊन आवळलेली."

त्याला काही कळलं नाही. गेला.

तेलाची कुपी कचऱ्यात टाकली. क्लचवर पाय ठेवून चालवायची तिची सवय मोडायला हवी, नाहीतर क्लचप्लेट जाईल. उद्या बजावून सांगणार आहे, मग ती चिडली तरी चालेल, आता तिची पाळी. आतून पुसताना स्टिअरिंगपाशी बसलो. गुडघे डॅशबोर्डवर आपटले. चांगलेच लागले. हात सवयीनं खटक्याकडे गेला, सापडलाही.

तसाच बाहेर आलो. सीट मागे सरकवली नाही.